ब्रेक आणि बेअरिंग : चाकामागचे घरगुती शास्त्र

मोटार चालवावयास शिकविणाऱ्या शाळा आता तालुक्याच्या गावीही निघाल्या आहेत. गीअर कसा टाकावा, क्लच कधी सोडावा, अरुंद बोळात गाडी मागे कशी घ्यावी, हे सारे तेथे शिकवितात. ती गाडी थांबते कशी, आणि क्वचित् प्रसंगी थांबेनाशी का होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. अपघाताच्या बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्यामुळे’ हे शब्द आपण इतक्या वेळा वाचतो की, आकाशातून वीज पडावी तसे काहीतरी त्या चालकावर कोसळले असावे, अशी आपली समजूत होऊन बसते.

वस्तुस्थिती निराळी आहे. ब्रेक बहुधा एकाएकी निकामी होत नाही. तो आधी कुरकुरतो, पायाखाली मऊ लागतो, गाडीला एका अंगाला ओढतो. कधी त्याच्या ऑइलची पातळी दिवसेंदिवस उतरत जाते. चाकाच्या बेअरिंगचेही तसेच. ते मोडण्यापूर्वी पुष्कळ दिवस घुमत असते. या सूचना ओळखावयास अभियंता असावे लागत नाही. कान, डोळे, पायाचा तळवा आणि थोडी समजूत एवढे पुरते. ती समजूत देणे, आणि घरच्या घरी कोणती देखभाल करता येते व कोठे हात आवरावा हे सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कला शाखेच्या वार्षिकात असला तेलकट विषय कशाला, अशी शंका काही वाचकांस येईल. आपण अर्थशास्त्र शिकतो, तर्कशास्त्र शिकतो, आणि ज्या यंत्रावर दररोज जीव सोपवितो त्याच्या बाबतीत मात्र ‘ते मिस्त्रीला ठाऊक’ म्हणून मोकळे होतो. शिवाय ब्रेकचा संबंध केवळ चालकाच्या जिवाशी नाही. रस्ता ओलांडणारी शाळकरी मुले, सायकलवरचा दूधवाला, पुढच्या स्कूटरवरचे कुटुंब, या सर्वांची सुरक्षितता आपल्या गाडीच्या ब्रेकवर अवलंबून असते, आणि तो तपासून पाहण्याची संधी त्यांना कधीच मिळत नाही. ती आपल्यालाच असते.

ब्रेक काय करतो?

ब्रेक गाडीला ‘धरतो’ असे आपण म्हणतो. शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर तो गतीचे रूपांतर उष्णतेत करतो. धावत्या गाडीत जी ऊर्जा असते ती नाहीशी करता येत नाही. ती कोठेतरी जावी लागते. घर्षणामुळे ती ब्रेकच्या लोखंडात उष्णतेच्या रूपाने शिरते आणि तेथून हवेत जाते.

या ऊर्जेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. माणसांसकट १,००० किलो वजनाची छोटी मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा ५०,००० ज्यूल भरते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर केला, तर ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते : २,००,००० ज्यूल. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एवढ्या उष्णतेत सुमारे सहाशे मिलिलिटर पाणी सामान्य तपमानापासून उकळीला येईल. आपण चार-पाच सेकंदांत गाडी थांबवितो तेव्हा सहा कप चहाचे आधण चाकांजवळ तापलेले असते.

आता बोरघाटाचा विचार करा. खंडाळ्याहून खोपोलीस उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. तीच १,००० किलोची मोटार घेतली तर उतारामुळे मिळणारी ऊर्जा जवळजवळ ४९ लाख ज्यूल होते, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगातली गाडी चोवीस वेळा थांबविण्याइतकी. पाण्याच्याच भाषेत बोलावयाचे तर पंधरा लिटरची बादली उकळेल. हे सारे ओझे एकट्या ब्रेकवर टाकले तर ते तापून लाल होणार. म्हणूनच जुने चालक सांगत की, ज्या गीअरमध्ये घाट चढावा त्याच गीअरमध्ये उतरावा. खालच्या गीअरमध्ये इंजिनच गाडीला मागे खेचते आणि ब्रेकला उसंत मिळते.

पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रल करून घाट उतरण्याची जी सवय काही ठिकाणी दिसते, ती याच कारणाने घातक आहे. तीत आणखी एक धोका दडलेला आहे. आजच्या मोटारींत पायाच्या दाबाला मदत करणारा निर्वाताचा बूस्टर असतो. पेट्रोल गाडीत त्याला निर्वात पुरविते ते इंजिन. इंजिन बंद असताना दोन-तीनदा पेडल दाबले की साठा संपतो आणि मग पेडल दगडासारखे कठीण होते. ब्रेक असतो, पण तो लावण्यास लागणारे बळ पायात नसते.

पावलापासून चाकापर्यंत

पावलाचा दाब चाकापर्यंत नेण्याचे काम द्रव करतो. सतराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल याने सांगितलेला नियम येथे कामी येतो : बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. पास्कलचे नाव आपल्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. तोच मनुष्य रोज आपल्या मोटारीच्या पेडलाखाली हजर असतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसेल.

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो आणि ब्रेक ऑइलवर दाब येतो. हा दाब बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे जातो. हिंदुस्थानात चालणाऱ्या बहुसंख्य छोट्या मोटारींत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्यांना ड्रम ब्रेक असतात. मारुती ८०० सारखी गाडी डोळ्यांपुढे आणावी. हिचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी ती रस्त्यावर अजून दिसते. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती दोन पॅडांच्या चिमट्यात धरली जाते. चिमटा धरणाऱ्या भागाला कॅलिपर म्हणतात. ड्रम ब्रेकमध्ये फिरत्या डब्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात. ते बाहेरच्या बाजूस फाकतात आणि त्यांवरील लायनर डब्याच्या आतल्या भिंतीवर घासतात.

या दोन्ही कल्पना शतकापूर्वीच्या. फ्रान्समध्ये लुई रेनॉ याने १९०२ साली ड्रम ब्रेक पुढे आणला, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. ड्रम लगेच रुळला. डिस्कला मात्र अर्धशतक वाट पाहावी लागली. १९५३ साली ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने बाजी मारली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. उघड्या चकतीला वारा लागतो, म्हणून ती लवकर निवते. डबा बंद असल्याने उष्णता आत कोंडते. तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते ती मुख्यतः यामुळेच.

द्रव दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, यावर ही सगळी रचना उभी आहे. हवा मात्र सहज आकसते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचे बळ तो बुडबुडा चेपण्यात खर्ची पडते आणि चाकापर्यंत थोडेच पोहोचते. ‘ब्रेकमध्ये हवा धरली’ असे मिस्त्री म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्याचा अर्थ हा असतो.

ब्रेकची भाषा

पुढील लक्षणे ध्यानात ठेवली तर गाडी काय सांगते ते बरेचसे कळेल.

पेडल स्पंजासारखे मऊ लागले, तर बहुधा हवा धरलेली असते. पेडलवर स्थिर दाब ठेवला असता ते हळूहळू खाली उतरत गेले, तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी वॉशर झिजले आहेत. हे लक्षण दिसल्यावर गाडी चालवू नये. पेडल पहिल्या दाबास खोल जाते आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येते, तर मागचे शू ड्रमपासून दूर गेलेले असण्याचा संभव असतो. हवेमुळेही असे होते.

ब्रेक लावताना गाडी डावीकडे किंवा उजवीकडे ओढत असेल, तर एका बाजूचा कॅलिपर अडकला आहे, अथवा एखाद्या पॅडवर वा लायनरवर तेल वा ग्रीज आले आहे असे समजावे. त्याआधी दोन्ही टायरांतील हवा मात्र सारखी आहे ना, ते पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच उलगडा होतो. ब्रेक लावल्यावर पेडल पायाला ठोके देऊ लागले, तर चकतीची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नाही, किंवा ड्रमचा गोलपणा बिघडला आहे.

तीक्ष्ण चिरका आवाज हा अनेक पॅडांत मुद्दाम ठेवलेला इशारा असतो. पॅड संपत आला की एक पातळ धातूची पट्टी चकतीला टेकते आणि किंचाळते. तिकडे दुर्लक्ष केले तर पुढचा आवाज खरवडल्यासारखा येतो. याचा अर्थ घर्षणाचा थर संपला असून लोखंडावर लोखंड घासत आहे. पहिल्या आवाजावर थांबणाऱ्याचा खर्च पॅडांचा, दुसऱ्यावर थांबणाऱ्याचा पॅडांचा आणि चकतीचा. तिसरा आवाज ऐकावयास थांबू नये.

पावसाळ्यात खोल पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक काही काळ लागत नाहीत, हा अनुभव अनेकांना असेल. ओले लायनर घसरतात. अशा वेळी मोकळा रस्ता पाहून हळू वेगात पेडल हलकेच दाबून धरावे. घर्षणाच्या उष्णतेने पाणी उडून जाते आणि पकड परत येते.

हात घालण्यापूर्वी

ब्रेक पाहण्याच्या नादात गाडीखाली चिरडून घेणे यासारखा विरोधाभास नाही. म्हणून काही नियम काटेकोर पाळावेत. गाडी सपाट व घट्ट जमिनीवर उभी करावी. जे चाक उचलावयाचे नाही त्याच्या पुढेमागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल करावेत आणि मग जॅक लावावा. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. उचललेल्या गाडीखाली कारखान्याने नेमून दिलेल्या जागी मजबूत लोखंडी स्टँड दिल्यावाचून हात आत घालू नये. विटांचा ढीग तर कदापि लावू नये. वीट ताणाखाली फुटते, आणि फुटण्यापूर्वी पूर्वसूचना देत नाही.

दुसरी काळजी धुळीची. ड्रम उघडल्यावर आत काळी भुकटी साचलेली दिसते. ती तोंडाने वा पंपाने उडविण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस वापरीत असत, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेल्यास वर्षानुवर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. बिनखात्रीच्या स्वस्त मालात काय मिसळले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तोंडाला मुसके बांधून, ओल्या फडक्याने भुकटी टिपून घ्यावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. गॅरेजमध्ये हे काम करणारा पोरगा ही धूळ रोज श्वासात घेत असतो. आपली गाडी तेथे गेल्यावर ‘हवा मारू नकोस, पुसून घे’ एवढे त्याला सांगणे आपल्या हाती आहे.

पॅड आणि लायनर

घरी करण्याजोगे सर्वांत सोपे काम म्हणजे पुढच्या पॅडांची पाहणी. चाक काढले की कॅलिपरच्या फटीतून पॅडांची जाडी दिसते. धातूची पाठ सोडून घर्षणाचा थर तीन मिलिमीटरच्या आसपास आला असेल, तर बदलण्याची वेळ झाली. आतला व बाहेरचा असे दोन्ही पॅड पाहावेत. एकच फार झिजला असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्याची ती खूण आहे. चकतीची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, आणि ड्रमवर त्याचा कमाल व्यास. त्या मर्यादेपलीकडे गेलेला भाग पुन्हा लेथवर चढविण्यात अर्थ नाही.

पॅड बदलताना चार गोष्टी सांभाळाव्यात. एक, ते नेहमी जोडीने बदलावेत. पुढच्या उजव्या चाकाला नवे आणि डाव्याला जुने असे केल्यास गाडी ओढू लागते. दोन, सोडविलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधावा. ओढ बसलेली नळी आतून फाटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. तीन, नवे पॅड जाड असल्याने दट्ट्या मागे ढकलावा लागतो. त्या वेळी ऑइल टाकीत परत चढते, म्हणून झाकण उघडून पातळीवर लक्ष ठेवावे. चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, काम संपल्यावर गाडी एक इंचही हलविण्यापूर्वी पेडल अनेकदा दाबून ते घट्ट झाल्याची खात्री करावी. मागे ढकललेला दट्ट्या पुन्हा पॅडाला टेकेपर्यंत पहिले काही दाब पोकळ जातात. हे विसरून गाडी सुरू केली तर पहिल्याच वळणावर पाय जमिनीला टेकतो आणि ब्रेक लागत नाही.

मागचे ड्रम उघडताना हँडब्रेक सोडलेला असावा आणि पुढच्या चाकांना ठोकळे लावलेले असावेत. आत स्प्रिंगा, पट्ट्या आणि खटके यांचे जाळे असते. दोन्ही बाजू एकाच वेळी कधी उघडू नयेत. एक बाजू पुरी जोडून झाल्यावरच दुसरीला हात लावावा, म्हणजे अडल्यास नमुना समोर राहतो. मोबाइलवर आधी छायाचित्र घेऊन ठेवणे ही आजच्या काळाची चांगली सोय आहे. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड हलकेच उचलून पाहावी. आत ओल दिसली तर तो सिलिंडर गळत आहे, आणि त्या ऑइलने भिजलेले लायनर धुऊन पुन्हा वापरता येत नाहीत.

नवे पॅड वा लायनर बसविल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर, गरज नसताना, ब्रेक जोरात मारू नये. नव्या आणि जुन्या पृष्ठभागांचे एकमेकांशी जुळावयास तेवढा अवधी लागतो.

ब्रेक ऑइल

याला ऑइल म्हणतात खरे, पण ते खनिज तेल नव्हे. बहुतेक मोटारींतील हा द्रव ग्लायकॉल जातीचा असतो. त्याच्या डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते. आपल्या गाडीला कोणता लागतो ते टाकीच्या झाकणावर वा पुस्तिकेत पाहावे. डॉट ५ हा सिलिकोन जातीचा निराळा द्रव आहे. तो यांत मिसळू नये. आणि अडचणीच्या वेळी इंजिन ऑइल किंवा डिझेल टाकण्याचा जो प्रकार आडगावी घडतो, तो तर विषप्रयोगच होय. खनिज तेलाने आतील सर्व रबरी वॉशर फुगतात, आणि मग एखादा भाग नव्हे, सगळी यंत्रणाच बदलावी लागते.

या द्रवाचा एक दुर्गुण आहे. तो हवेतील ओलावा शोषून घेतो. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा, असे प्रमाण आहे. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी हेच प्रमाण १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० व १५५ असे आहेत. आता घाटाचा हिशेब आठवा. ब्रेक तापतात, उष्णता सिलिंडरपर्यंत पोहोचते, जुनाट द्रव उकळतो आणि नळीत वाफ होते. वाफ हवेसारखीच आकसते. पेडल खाली जाते. गाडी निवल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक पूर्ववत् लागतो. अशा वेळी कारण कोणालाच सापडत नाही, आणि बातमीत केवळ ‘ब्रेक निकामी’ एवढेच छापून येते. साधारणपणे दोन वर्षांनी हा द्रव बदलावा. कोकणासारख्या दमट हवेत ही मुदत टाळू नये. उघडून ठेवलेल्या डब्यातील उरलेला द्रव पुढच्या वर्षासाठी जपण्यात काटकसर नाही.

हवा काढण्याचे काम दोघांनी करावयाचे असते. चाकाजवळच्या ब्लीडर नटाला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोड्या स्वच्छ ब्रेक ऑइलने भरलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने नट सैल करावा, बुडबुडे येऊ द्यावेत आणि नट घट्ट करावा. त्यानंतरच पहिल्याने पाय उचलावा. हा क्रम चुकला तर बाहेर गेलेली हवा परत आत येते. बुडबुडे थांबेपर्यंत असे करावे. मधूनमधून टाकी भरत राहावी, कारण ती रिकामी झाली तर सगळे श्रम फुकट. बाटलीत आलेला द्रव पुन्हा वापरू नये. अनेक गाड्यांत सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, परंतु सर्वच गाड्यांत तसे नसते. पुस्तिकेतील क्रम पाळावा. एबीएस असलेल्या काही गाड्यांना तर त्यासाठी खास उपकरण लागते. हा द्रव रंग खातो, म्हणून पत्र्यावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा.

चाकाचे बेअरिंग

बैलगाडीच्या आखाला वंगण घालणारा शेतकरी जे काम करीत असे, तेच काम मोटारीत बेअरिंग करते : फिरणारा आणि स्थिर भाग यांतील घर्षण कमी करणे. ब्रेकला घर्षण हवे असते, बेअरिंगला नको असते, आणि दोघे शेजारी राहतात. म्हणूनच एकाचे ग्रीज दुसऱ्याच्या लायनरवर जाऊ नये यासाठी मध्ये ऑइल सील बसविलेले असते.

बेअरिंगमध्ये छर्रे असतात किंवा रोलर. पुढच्या टोकास निमुळते होत जाणारे रोलर अमेरिकेत हेन्री टिमकेन यांच्या १८९८ सालच्या पेटंटामुळे प्रसिद्धीस आले. चाकावर वरून वजन पडते आणि वळणावर बाजूनेही रेटा बसतो. निमुळता रोलर हे दोन्ही सोसतो. आपल्याकडे खेडोपाडी धावलेल्या जुन्या जीपच्या पुढच्या चाकात अशी दोन बेअरिंगे समोरासमोर बसविलेली असतात.

बिघडत चाललेले बेअरिंग घुमते. हा आवाज इंजिनच्या गतीबरोबर नव्हे, गाडीच्या वेगाबरोबर चढतो. न्यूट्रल केल्यावरही तो राहतो. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जाते. त्या वेळी घुमणे वाढले तर डाव्या बाजूचा संशय घ्यावा, आणि उलट असेल तर उजव्या. खात्रीसाठी चाक उचलून, वर आणि खाली धरून ते हालवून पाहावे. खटखट जाणवली तर दुसऱ्या माणसास ब्रेक दाबण्यास सांगावे. ब्रेक दाबल्यावर खटखट बंद झाली तर दोष बेअरिंगचा, आणि तशीच राहिली तर तो बॉल जॉइंटसारख्या निराळ्या सांध्याचा. चाक हाताने फिरवून दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला असता खरखर बोटांना कळते. कानापेक्षा बोटे येथे अधिक विश्वासू असतात.

जीपसारख्या रचनेत बेअरिंग काढून, रॉकेल वा डिझेलने धुऊन, वाळवून तपासता येते. पंपाच्या हवेने ते गरगर फिरवू नये. कोरडे बेअरिंग त्या गतीत फुटून रोलर उडू शकतात. रोलरवर खड्डे, ओरखडे किंवा तापल्याची निळसर झाक दिसली तर आतला व बाहेरचा असे दोन्ही भाग जोडीनेच बदलावेत. चांगले असेल तर तळहातावर बेअरिंगसाठीचे ग्रीज घेऊन, बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत दाबत, दुसऱ्या टोकाने ग्रीज बाहेर येईपर्यंत भरावे. जुने ग्रीज पूर्ण काढल्याशिवाय नवे भरू नये, कारण दोन जातींचे ग्रीज एकत्र आल्यास पातळ होऊन वाहू शकते. हब ठासून भरण्यानेही लाभ नाही. त्याने उष्णता वाढते आणि सीलमधून ग्रीज ब्रेकवर येते. सील मात्र दर वेळी नवे घालावे.

मग येते नट कसण्याची गोष्ट. येथे ‘जितके घट्ट तितके चांगले’ हा नियम लागू नाही. जुन्या जीपची रीत अशी : चाक फिरवीत राहून ते अडखळेपर्यंत नट आवळावा आणि मग सुमारे एकषष्ठांश फेरा मागे घ्यावा. त्यावर लॉक वॉशर व दुसरा नट बसवावा. चाक मोकळे फिरावे, पण खटखटू नये. फार आवळलेले बेअरिंग तापून जळते आणि फार सैल असलेले डुगडुगत स्वतःला खाते. ज्या गाडीत नटाला स्प्लिट पिन असते तेथे जुनी पिन वाकवून पुन्हा घालू नये. बैलगाडीच्या आखाच्या टोकाला खीळ असते, तिचेच हे धाकटे भावंड. ती निसटली की चाकाला बाहेर पडण्यास काही आडकाठी उरत नाही.

चाक परत बसविताना नट एकामागून एक ओळीने न कसता समोरासमोरचे कसावेत. शेवटचा पीळ गाडी जमिनीवर टेकल्यावर, पुस्तिकेत दिलेल्या मापाने द्यावा. पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा तपासावेत.

आपली मर्यादा

आजच्या बहुतेक मोटारींत पुढच्या चाकांची बेअरिंगे बंद जातीची असतात. ती उघडत नाहीत आणि त्यांत ग्रीज भरता येत नाही. ती दाबयंत्राने बसवावी लागतात. हातोडीने ठोकून बसविलेले नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी आतून जायबंदी झालेले असते. हे काम मिस्त्रीचेच. त्याचप्रमाणे मास्टर सिलिंडर, ब्रेकच्या धातूच्या नळ्या, बूस्टर आणि एबीएस यांना नवशिक्याने हात लावू नये. पॅड किंवा शू बदलण्याचे कामही प्रथम जाणत्याच्या देखरेखीखाली करावे. घड्याळ उघडून पुन्हा जोडता आले नाही तर वेळ कळत नाही एवढेच. येथे चूक झाली तर तिची किंमत कदाचित् दुसराच कोणी मोजतो.

मग घरगुती देखभालीत उरले काय? पुष्कळ उरले. महिन्यातून एकदा झाकण न उघडता टाकीबाहेरून ऑइलची पातळी पाहणे. पॅड झिजले की ती थोडी उतरते, पण वारंवार भरावी लागली तर गळती शोधली पाहिजे. चाकांच्या आतल्या बाजूस ओल आहे का ते वाकून पाहणे. बूस्टरची परीक्षा घेणे : इंजिन बंद असताना पेडल चार-पाचदा दाबावे, दाबूनच धरावे आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक. टायर बदलताना चाक निघालेच आहे, तर पॅडांवर एक नजर टाकणे. आणि दररोज गाडी काढल्यावर पहिल्या दहा पावलांत, वेग घेण्यापूर्वी, एकदा ब्रेक दाबून पाहणे. या सर्वांस मिळून महिन्याकाठी अर्धा तास लागत नाही.

एवढे ज्याला समजले, तो गॅरेजमध्ये गेल्यावर ‘काहीतरी आवाज येतो’ असे मोघम सांगत नाही. ‘उजवीकडे वळताना डाव्या पुढच्या चाकात घुमते’ असे सांगतो. मिस्त्रीचा वेळ वाचतो, आपले पैसे वाचतात, आणि काढलेला जुना भाग पाहण्यास मागण्याइतके आपल्याला कळू लागते. चांगला मिस्त्री अशा गिऱ्हाइकावर रागावत नाही. तो त्याला तो भाग हातात घेऊन दाखवितो. त्याच्याकडचे ज्ञान बहुधा कोणत्याही पुस्तकात न छापलेले असते, आणि नीट प्रश्न विचारणाऱ्याला ते फुकट मिळते.